उजवा प्रसाद

माझ्या अंगात शिकवण्याची खोड आहे. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ती जात नाही. डिचोलीत दर गुरुवारी दुपारी आम्ही दहा-बारा पेन्शनवाले एका जुन्या संस्कृत शिक्षकांच्या घरी उपनिषदं वाचायला जमतो. सर एकेक ओळ उलगडून सांगतात, बाकीचे शांतपणे ऐकतात, आणि मी ते घरी नेऊन दुसऱ्यांच्या गळ्यात मारते. शेजारचे गृहस्थ वारले तेव्हा त्यांच्या बायकोला मी तिसऱ्याच दिवशी समजावलं होतं की मेलं ते शरीर, आत्म्याला मरण नाही. ती बिचारी माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं, पटलं असावं.

घरातला माझा कायमचा विद्यार्थी म्हणजे आमचे हे. सुर्ल्याच्या खाणीवर ह्यांचे दोन ट्रक होते. गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, ट्रक विकले गेले, आणि हे घरी येऊन बसले. सकाळी चहात पाव बुडवत माझं प्रवचन ऐकायचे. देह म्हणजे तुम्ही नव्हे, मन म्हणजे तुम्ही नव्हे, ह्या सगळ्याला जो आतून बघतो तो तुम्ही, आणि तोच ब्रह्म. "बरां," एवढंच म्हणायचे आणि आणखी एक पाव मागायचे.

गेल्या वर्षी बाजारातून नारळांची पिशवी घेऊन येताना ह्यांच्या छातीत कळ आली. तपासणीत तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, पंधरा दिवसांत शस्त्रक्रिया करून घ्या, ह्याच्यापुढे थांबण्यात जिवाला धोका आहे. मी तिथेच तारीख विचारायला लागले. हे खुर्चीवरून उठले.

"देवाक विचारल्याबगर मी कापून घेवचंय नाय," म्हणाले.

ह्यांचं मूळ गाव मांद्रे. तिथल्या ग्रामदैवताला प्रसाद लावल्याशिवाय ह्यांच्या घरात लग्न ठरत नाही की विहीर खणली जात नाही. पहिला ट्रकसुद्धा असाच विचारून घेतला होता. भटजी मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि सगळे हात जोडून वाट बघतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. मी लग्न होऊन आले तेव्हापासून हा प्रकार लांबून बघत आले होते. कधी पुढे जाऊन उभी राहिले नाही.

रविवारी आम्ही मांद्र्याला गेलो. भटजींनी शस्त्रक्रियेचं गाऱ्हाणं घातलं आणि पाच मिनिटांत डावी पाकळी पडली. मी ह्यांच्या तोंडाकडे बघितलं. माणूस घाबरलेला नव्हता, सुटल्यासारखा दिसत होता. सुरीची धास्ती होती ती देवानेच मोडीत काढली होती. ते बघून माझं डोकं फिरलं. परतताना गाडीत मी तोंड सोडलं.

"कुणाला विचारलंत तुम्ही? इतकी वर्षं कानीकपाळी ओरडते आहे. ज्याला विचारलंत तो देव आणि तुम्ही वेगळे नाहीच. तो तुम्हीच आहात."

"मगे मीच नाय म्हटलंय," हे म्हणाले आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले.

निवृत्त शिक्षिकेला निरुत्तर व्हायची सवय नसते, त्यामुळे म्हापसा येईपर्यंत मी धुसफुसत राहिले.

पुढचे दिवस वाईट गेले. एका जागी बसवेना. भाजी चिरायला घेतली की अर्धी टाकून हे काय करताहेत ते बघायला जायची. हे वर्तमानपत्र वाचत असायचे. न्हाणीघरात जरा वेळ लागला की मी दारावर थाप मारायची. दुपारी डोळा लागला तर छाती वरखाली होते की नाही बघत उभी राहायची, आणि हे डोळे उघडून म्हणायचे, "आसंय, आसंय." गुरुवारी वर्गात सर काय बोलले ते मला एक अक्षर कळलं नाही. शेवटी मी विचारलं की ज्याला हे ज्ञान पटत नाही त्याला कसं पटवायचं. सर म्हणाले, "बाई, हे स्वतःसाठी वाचायचं असतं. दुसऱ्याला मारायला नव्हे." बाकीचे हसले. मला राग आला आणि तो सरांचा नव्हता.

पंधरातले नऊ दिवस संपले होते. दहाव्या दिवशी सकाळी, डिचोलीतच बहिणीकडे जाते असं सांगून मी एकटीच बसने निघाले. म्हापशाला बस बदलली आणि मांद्र्याला देवळात पोचले. भटजींना म्हटलं, पुन्हा प्रसाद लावा.

"तीच गोष्ट दोनदा विचारूक जायना, वयनी," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून जरा थांबले. "दुसरां काय आसल्यार मनात सांगा. मी पाकळ्यो लायतंय."

त्यांनी पाकळ्या लावल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या मूर्तीसमोर हात जोडून उभी राहिले. दुसरं काय विचारायचं ते मला सुचेना. प्रश्नच तयार होईना. ब्रह्म, आत्मा, साक्षी, सगळे शब्द येऊन गेले आणि एकही कामाचा निघाला नाही. मनात एकच वाक्य फिरत होतं, ह्यांना ठेव. तो प्रश्न नव्हता, त्याला उजवं-डावं उत्तर कुठून असणार? तासाभराने पाय भरून आले. दोन तास झाले, नैवेद्याची वेळ झाली, तरी पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत. भटजी म्हणाले, आता पुरे. मी पदराने डोळे पुसले आणि बस धरली.

घरी येऊन चपला काढायच्या आधी म्हटलं, "मी मांद्र्याला गेले होते. उजवा प्रसाद झाला."

ह्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलं. सत्य हेच ब्रह्म म्हणून वर्गात डुलणारी मी, सरळ ह्यांच्या डोळ्यांत बघून खोटं बोलत होते, आणि मला त्याची तिळभरही लाज वाटत नव्हती.

"कितको वेळ उभी होतंस?" ह्यांनी विचारलं.

"दोन तास."

"बरां," म्हणाले. "बॅग भर."

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर पाच तास बसून होते. पिशवीत वर्गाचं पुस्तक होतं. उघडलं, एक ओळ वाचली, मिटलं. आत निजला आहे तो देह, ते हे नव्हेत, असं स्वतःला सांगून बघितलं. मन म्हणालं, गप्प बस. मला तोच देह हवा होता. घोरणारा, चहात पाव बुडवून टेबलावर ओघळ पाडणारा, माझ्या प्रवचनाला बरां म्हणणारा. त्याच्या पलीकडचं काही मला नको होतं, अमर असलं तरी नको होतं. डॉक्टर बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणाले तेव्हा मी तिथेच रडले.

हे घरी आले, टाके सुकले, अंगणात फेऱ्या मारायला लागले. भेटायला येणारा प्रत्येक जण देवाने उजवा दिल्याचं कौतुक करायचा आणि मी स्वयंपाकघरात पळायची. महिन्याभराने मला ते सोसेना. संध्याकाळी ह्यांच्या शेजारी बसून एका दमात सांगून टाकलं, की त्या दिवशी पाकळी पडलीच नव्हती, मी खोटं बोलले.

"म्हायती आसा," हे म्हणाले. "तू परतीच्या बसीत आसतानाच भटजीचो फोन इल्लो. वयनी रडत गेली, प्रसाद काय जावक नाय, म्हणान सांगल्यान."

"माहीत होतं तर तयार का झालात?"

हे पायरीवर बसून विड्याचं पान उगाच चुरगळत राहिले. मग माझ्याकडे न बघताच बोलले.

"तू सदांच सांगतंस, कोण मरणा नाय, देह गेलो तर गेलो. माका वाटलेलां, मी गेलंय तरी तुका काय एक जावचां नाय. गुरुवारी वर्गाक जातलंस. मगे कित्याक कापून घेव? आणि भटजी सांगता, तू रडत होतंस."

इतकी वर्षं मी ह्यांना शिकवत होते, आणि हे एवढंच शिकले होते.