आईने बोटीत आणलेली डबी

माझ्या बॉसची स्वतःची बोट आहे हे कळल्यावर आई म्हणाली, "म्हणजे होडी?" मी म्हटलं, होडी नाही गं, बोट. इंजिनाची, वर छप्पर असलेली. गाडीच्या मागे जोडून तलावापर्यंत नेतात आणि तिथे पाण्यात सोडतात.

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच पुण्याहून आमच्याकडे न्यूझीलंडला, पामर्स्टन नॉर्थला आली होती. मी इथल्या एका संशोधन संस्थेत काम करते, आणि माझी बॉस आमच्या विभागाची प्रमुख. ती माओरी आहे, म्हणजे इथल्या मूळ लोकांपैकी, तिचं माहेर रोटोरुआ तलावाकाठचं. दर जानेवारीत, इथल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, ती आणि तिचा नवरा तिकडे जातात, बोटीने रोटोरुआ ओलांडतात आणि एका अरुंद कालव्यातून पलीकडच्या रोटोइटी तलावात उतरतात. माझी आई दिवसभर घरी एकटी असते हे तिने ऐकलं आणि म्हणाली, "घेऊन ये तिला. दोघी या." माझ्या नवऱ्याला पाण्यावर मळमळतं, म्हणून तो लेकीला घेऊन घरीच राहिला.

मी त्या नोकरीत नवी होते. गाडीत पूर्ण रस्ताभर मी आईला सूचना देत होते. खायचा आग्रह करू नकोस. वय विचारू नकोस. लाइफ जॅकेट दिलं की मुकाट्याने घाल. आई खिडकीबाहेर मेंढ्या बघत "बरं" म्हणत होती. मधेच म्हणाली, "मी काय लहान आहे का?" तेव्हा मी गप्प झाले, पण थोड्या वेळाने पुन्हा सुरू केलं.

धक्क्यावर बॉस रबरी स्लिपर घालून उभी होती. तिने आईला मिठी मारली, कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं. आई जराही बावरली नाही. बोट सोडण्याआधी बॉसने तिच्या भाषेत दोन-चार ओळी म्हटल्या, वाकून तलावाचं पाणी घेतलं आणि डोक्यावर शिंपडलं. ते बघून आईनेही ओंजळ भिजवली आणि डोळ्यांना लावली. बॉस माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, चला, सुरुवात तरी चांगली झाली.

रोटोरुआ तलाव खूप मोठा, पण उथळ आणि गढूळ. हवेत गंधकाचा वास. पलीकडचा काठ जवळ यायला वेळ लागला. बॉसचा नवरा सुकाणूवर होता, कमी बोलणारा माणूस. कालव्याच्या तोंडाशी त्याने वेग अगदी कमी केला, कारण तिथे कमरेएवढ्या पाण्यात माणसं उभी राहून ट्राउट मासे पकडत होती. पुढे पाण्याखाली एक बुटका बांध होता आणि मधे बोटींपुरती वाट. तो बांध दिसला आणि आई एकदम उठून उभी राहिली.

"हा कशाला घातलाय? वरच्या तलावाची पातळी राखायला ना?"

बाबा पाटबंधारे खात्यात होते. माझं लहानपण कालव्याकाठच्या क्वार्टर्समध्ये गेलं. दारं किती उचलायची, पाणी कुठल्या फाट्याला सोडायचं, हे आमच्या घरी जेवताना बोललं जायचं. आईचा प्रश्न मी इंग्रजीत सांगितला. बॉसचा नवरा चकित झाला. "बरोबर आहे. हिला कसं कळलं?"

मग आई खुलली. विलोची झाडं दोन्ही काठांवरून पाण्यात वाकली होती, बोट चालण्याच्या वेगाने जात होती, आई बोलत होती आणि मी भाषांतर करत होते. "विचार त्यांना, इथे ती दारं आहेत का, बोट वर उचलणारी? हौदात बोट घ्यायची, मागचं दार लावायचं, पाणी भरायचं, की बोट आपोआप वर. ह्यांना फार बघायची होती."

"ती इथे नाहीत," नवरा म्हणाला. "युरोपात खूप आहेत. तुझ्या वडिलांना आमची भिंत मात्र आवडली असती."

कालवा संपतो तिथून रोटोइटीत लांबच लांब लोखंडी भिंत घातलेली आहे, रोटोरुआचं गढूळ पाणी या तलावात मिसळू नये, बाजूने परस्पर नदीकडे जावं म्हणून. भिंतीला वळसा घालून आम्ही उघड्यावर आलो. एकीकडे हिरवट पाणी, दुसरीकडे खोल निळं. आई भिंत मागे पडेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली.

जंगल थेट पाण्यात उतरतं अशा एका शांत कोपऱ्यात नवऱ्याने इंजिन बंद केलं. बॉसने फ्लास्कमधला चहा ओतला. मी आईने केलेल्या धपाट्यांचा डबा उघडला आणि मागे वळून बघितलं, तर आई बोटीच्या कडेशी गुडघ्यावर बसली होती. हातात एक छोटी स्टीलची डबी. आमच्या घरी हिंगाची असते तशी. झाकणावर लाल दोरा गुंडाळलेला.

मला क्षणभर काही कळलं नाही. मग कळलं. बाबांच्या अस्थी भावाने आळंदीला सोडल्या होत्या, तेव्हा आईने थोड्या बाजूला ठेवल्या असणार.

"आई, काय करतेस?" मी दबक्या आवाजात म्हटलं.

"थोडं आणलं होतं गं. चांगलं पाणी दिसलं तर बघू, म्हणून. हे चांगलं आहे."

"इथे? विचारलंस का कुणाला?"

"तुला विचारलं असतं तर आणू दिलं असतंस?"

तेवढ्यात बॉसने विचारलं, "काय आहे ते?"

आणि मी म्हणाले, "नथिंग."

आईला इंग्रजी बोलता येत नाही, पण एवढा शब्द कळतो. तिने माझ्याकडे पाहिलं. मग बॉसकडे वळून, डबी छातीशी धरून, एकेक शब्द जुळवत ती म्हणाली, "माय हजबंड."

बॉसने कप खाली ठेवला. तिचा चेहरा रागावलेला नव्हता, पण एकदम गंभीर झाला. "नाही," ती म्हणाली. "प्लीज, तिला सांग, पाण्यात नको."

मी सॉरी म्हणत सुटले. सॉरी, मला माहीत नव्हतं, तिने मला सांगितलं नव्हतं, आय ॲम सो सॉरी, मी आत्ता ते आत ठेवायला लावते. बॉस हात वर करून मला थांबवत होती आणि मी थांबत नव्हते. मग ती आईशी बोलू लागली, थेट आईकडे बघत, बराच वेळ. तिचं झालं तेव्हा आई माझ्याकडे वळली.

"काय म्हणाली?"

"इथे चालत नाही म्हणाली."

"एवढंच? इतका वेळ बोलत होती ती."

मग मला सगळं सांगावं लागलं. हा तलाव त्यांच्या पूर्वजांपैकी आहे. त्याच्यातले मासे, झिंगे त्यांनी पिढ्यानपिढ्या खाल्ले, अजून खातात. त्यांच्याकडे मेलेली माणसं मातीत जातात, अन्नाच्या पाण्यात नाही. तिची स्वतःची आई त्या समोरच्या टेकडीमागे मातीत आहे.

आईने शांतपणे ऐकलं. "बरोबर आहे बाईंचं. पिण्याच्या विहिरीत कोण टाकेल? मला माहीत नव्हतं, आता कळलं. सांग तिला." मी सांगितलं. आईने डबी ओढणीच्या टोकात बांधली, आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाली, "आणि तू इतक्या वेळा सॉरी का म्हणालीस? तुझे बाबा म्हणजे काय घाण आहे? 'नथिंग', काही नाही, म्हणालीस तू त्यांना."

ती ओरडली नाही. आवाज नेहमीचाच होता. बॉसला आणि तिच्या नवऱ्याला शब्द कळले नसतील, पण दोघांनीही माझ्यावरून नजर काढून घेतली, आणि त्यावरून मला समजलं की त्यांना बाकी सगळं कळलं होतं. मी पाण्याकडे बघत बसले. जायला दुसरीकडे कुठे जागाही नव्हती. बोटीवर माणूस उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही.

बॉसने धपाट्यांचा डबा, बिस्किटं, फ्लास्क, सगळं उचलून पुढच्या टोकाला नेऊन ठेवलं. मला वाटलं आता आमचं खाणंही नको झालं. आई मात्र लगेच म्हणाली, "मयताजवळ खायचं ठेवत नाहीत. आपल्यातही नाही ठेवत." परत येऊन बॉस आईच्या शेजारी बसली आणि मला म्हणाली, "विचार ना, कसे होते ते?"

परतीच्या वाटेवर आई बोलत राहिली. पावसाळ्यात रात्री-बेरात्री दारं उचलायला जाणारे बाबा, डबा घरी विसरणारे बाबा. मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत गेले. त्यातल्या काही गोष्टी मलाच पहिल्यांदा कळत होत्या. एकदा कालवा फुटला तेव्हा बाबा रडत घरी आले होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते वाक्य माझ्याकडून अर्ध्यावरच राहिलं. नवरा पुढे बघत बोट चालवत राहिला, बॉस वाट बघत थांबली. आईनेच माझ्या पाठीवर हात ठेवला.

धक्क्यावर उतरल्यावर बॉसने आधी आईच्या हातांवर पाणी घातलं, मग स्वतःच्या, मग माझ्या. डोक्यावरही शिंपडलं. "स्मशानातून आल्यावर आपण पाय धुतो ना, तसंच," आई मला म्हणाली, मीच परकी असल्यासारखं समजावत.

घरी परतताना वाटेत टाउपो गावात मी पेट्रोल भरायला थांबले, तेव्हा म्हटलं, "आई, चुकलं माझं." ती म्हणाली, "ह्या गाडीत एसी फार लावतेस तू." मी एसी कमी केला.

सुट्टीनंतर ऑफिस सुरू झालं. मी चहाची वेळ बदलली, बॉस किचनमध्ये नसेल तेव्हा जायचे. तिने कधी विषय काढला नाही. मग एकदा जिन्यात समोरासमोर आलो, तेव्हा तिने विचारलं, "तुझे वडील आता कुठे आहेत?" मी सांगितलं, आई त्यांना परत घेऊन गेली, आणि भावाने दोघांना गाडीत घालून बाबांच्या जुन्या धरणावर नेलं. तिथे डबी उघडली की नाही, हे आईने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"छान झालं," बॉस म्हणाली. आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा या, आई आली तर तिला घेऊन, नाहीतर तू एकटी.

जानेवारी जवळ आलाय. आईला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "जा की." मी बॉसला अजून हो म्हटलेलं नाही.