सावली फिकटली की हात हळू

दुपारी तीनला शालन सुतारला डुलकी लागते ती वधूपक्षाच्या खोलीत, गादीवर, खळ दिलेली पांढरी साडी नेसून. लग्न कुणाचंच नाही. कोल्हापूरचं हे मृगांक मंगल कार्यालय आज संध्याकाळपुरतं तिनं घेतलंय, कारण शंभर वर्षांपूर्वी ह्याच जागेवर मृगांक फिल्म कंपनीचा स्टुडिओ होता. एकतीस मूकपट काढलेली कंपनी, जिच्या लढायांना दरबारातून खरे हत्ती यायचे! बोलपट आले आणि कंपनीची वाचाच बसली. कॅमेरे गेले, पडदे गेले, चांदी काढून घेण्यासाठी रिळंही विकली गेली. छपराखाली आधी लाकडाची वखार आली, मग बेकरी, मग लग्नं.

उरली अकरा मिनिटं. गावोगाव तंबू ठोकून सिनेमा दाखवणाऱ्या, गडहिंग्लजच्या एका तंबूवाल्याच्या ट्रंकेत एक रीळ सापडलं, ते शालननं पुण्यातल्या प्रयोगशाळेत स्वतः साफ करून संगणकावर चढवलं. आणि आज सकाळी चाचणीला लोक हसले. लढाईला निघालेल्या मुलाला आई निरोप देते, नेमक्या त्या प्रसंगाला. चित्र भरभर पळतं, आई छाती पिटते ती डास मारल्यासारखी. वायरमन संपत तर खुर्चीतून खाली यायचा राहिला. वेग कमी करावा, तर आधीची मिरवणूक पेंगायला लागते. वेगाचा एकच आकडा दोन्हीकडे चालेना. सहाला तीनशे माणसं येणार. ह्या रिळासाठी हातानं कॅमेरा फिरवणारे येसबा सुतार म्हणजे शालनचे सख्खे आजोबा, आणि त्यांच्या हातचं जगात दुसरं काहीही शिल्लक नाही. तेवढंही आज हसण्यावारी जाणार. पण आदल्या रात्रीचं जागरण कुणाला सोडतं? डोळे मिटतातच.

पंखा घरघरतोय. मग ती घरघर पंख्याची नसते.

छत नाही. वर मांजरपाटाचं कापड ताणलंय, त्यातून ऊन गाळून खाली येतंय. आजोबा तिपाईवरच्या लाकडी कॅमेऱ्याचा दांडा फिरवतायत. वय तिशीचं, पण चष्मा म्हातारपणीचा, दोऱ्यानं कानाला बांधलेला. शालनला त्यात काही वावगं वाटत नाही.

"आबा, लोक हसले."

"कशाला?"

"ती आई रडते तिथं."

"गोदाबाईला हसले? काय धाड भरलीया त्यांस्नी?" दांडा मात्र थांबत नाही.

"तुमचा वेग किती होता? सेकंदाला किती चौकटी?"

"मला काय ठावं? घड्याळ हुतं कुणाकडं? ऊन बघायचो नि हात फिरवायचो."

आता ते घरच्या सोप्यात बसलेत. आबा ऐंशीचे आहेत, शालन आठ वर्षांची, अंगावर हीच पांढरी साडी. आबांचा उजवा हात मांडीवर गोल फिरतोय, तसाच, जसा मरेपर्यंत फिरत होता. डॉक्टर कंपवात म्हणायचे. घरचे शालनला म्हणायचे, धरून ठेव गं. आणि ती दोन्ही हातांनी दाबून धरायची. आठवून तिला आत्ताही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"मी तुमचा हात धरून ठेवायचे, आबा."

"धरायचीस की. लई जोर हुता तुज्यात." आबा गालात हसतात. "तू निजलीस की डाव्यानं फिरवायचो."

"म्हणजे कंप नव्हता तो?"

"कसला कंप! शेवटचा शीन फिरवायचो रोज. भर शीनमध्ये ढग आला बघ. मालक वरडले, थांबव. मी न्हाई थांबवलं."

"का?"

"बाई खरंच रडत हुती, बाळ. शिनिमात गेली म्हणून सासरच्यांनी तिचं पोरगं ठिवून घेतलं हुतं. तसलं रडू परत मागायचं व्हय मानसाला?"

शालन आबांच्या हाताकडे बघते.

"मग हात हळू केला," आबा म्हणतात. "ऊन कमी पडलं की फिल्लमला निवांत बघू द्याचं. घाई न्हाई करायची."

सोप्याच्या फरशीवर कॅमेरा आहे. ते तिचा हात दांड्यावर ठेवतात आणि वर आपला ठेवतात. हात गरम आहे, खरबरीत आहे, अजिबात थरथरत नाही. "आत्ता हळू. आनिक. आनिक. हां, ऊन आलं, चल आता."

सोप्याची भिंत फडफडते, कारण ती तंबूची कनात आहे. विड्यांचा वास, खाली मातीत बसलेल्या बायका. तंबूवाला यंत्राचा दांडा फिरवतोय, आणि पडद्यावर आई रडायला लागते तसा त्याचाही हात मंदावतो. छातीवर पडणारा एकेक हात आता जड आहे. बायकांनी पदर तोंडाला लावलेत.

"ह्याला कसं कळतं कुठं हळू करायचं?"

"तिच्या पायाशी बघ की," आबा कानाशी म्हणतात. "सावली."

शालन ताडकन उठून बसते. चार वाजायला दहा कमी. ती तोंडही न धुता लॅपटॉप उघडते. साफ केलेलं चित्र बाजूला सारते आणि मूळचं, डागाळलेलं काढते. आईच्या पायाशी मांडवाच्या खांबाची काळी सावली आहे. निरोपाच्या मध्यावर ती फिकटते, नाहीशी होते, मिनिटाभरानं परत येते. हा बदल शालननं शंभरदा पाहिला होता आणि रिळाचा दोष समजून पुसून टाकला होता. सगळीकडे सारखा उजेड करण्याच्या नादात बाईसाहेबांनी आबांचा ढगच उडवला होता.

ती सावलीवर नजर ठेवून वेग बसवत जाते. अठरा चौकटी. सोळा. चौदा. सावली नाहीशी होते तिथं बारा. ऊन परतलं की पुन्हा वर.

पावणेपाचला संपत वायरचं भेंडोळं घेऊन आत येतो, लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहतो आणि तसाच उभा राहतो. आई मुलाच्या पाठीवरचा हात काढत नाही. मग काढते.

"सकाळचीच बाई काय ही?" तो हळूच विचारतो.

"तीच."

"मग आम्ही हसलो कशाला की सकाळी?" भेंडोळं त्यानं छातीशी धरलंय. जाता जाता तो म्हणतो, "मॅडम, लोक यायला लागतील. साडी तेवढी बदला. चुरगळलीया बघा."

शालन खाली बघते. सगळी साडी कडक आहे, घडी अजून मोडलेली नाही. फक्त उजव्या मांडीवर ताटलीएवढा गोल आहे, पुन्हा पुन्हा घासून खळ पार मोडलेली, कापड मऊसूत. ती त्यावर तळवा ठेवून गोल फिरवते. तो बरोबर त्याच गोलातून फिरतो.

"राहू दे, संपत," ती म्हणते. "आजोबांनी केलंय ते."