आईसाठी केलेलं प्रवेशद्वार

गंगापूर रोडला माझं ऑफिस आहे, धंदा आर्किटेक्टचा. शहरातल्या जुन्या सार्वजनिक बागेला नवं प्रवेशद्वार करायचं काम मिळालं, तेव्हा भेटेल त्याला मी सांगत सुटलो की हे मी आईसाठी करतोय. आई कित्येक वर्षं त्या बागेत सकाळी चालायला जायची. पाय गेले, चाकाची खुर्ची आली आणि बाग सुटली. उद्घाटनाला सगळ्यांत आधी तुलाच आत नेणार, असा शब्द मी तिला दिला होता.

बागेच्या समितीला मात्र कमान हवी होती. अध्यक्ष म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या डोळ्यांसमोर सिमेंटची कमान, दोन्ही अंगांना द्राक्षांचे घड, वर कलश आणि खाली समितीतल्या झाडून सगळ्यांची नावं. कुंभमेळ्याला येणाऱ्यांच्या नजरेत भरलं पाहिजे म्हणे. मी त्यांना बैठकीमागून बैठक वारशाचे आणि संवेदनशीलतेचे डोस पाजले. काळ्या दगडाचे जुने खांब आणि झिजलेला वीतभर उंच उंबरा जसाच्या तसा ठेवायचा, बाकी काही नको. शेवटी समितीने मान तुकवली. शेजारी एक गंजकं फाटक होतं, माळ्याची ढकलगाडी त्यातून जायची. ते माझ्या डोळ्यांना खुपायचं, म्हणून काढून तिथे भिंत घातली. माळी म्हणाला, "साहेब, मग गाडी कुठून नेऊ?" मी त्याला सौंदर्यदृष्टी समजावून सांगितली. बिचाऱ्याने ऐकूनही घेतली.

उद्घाटनाला नारळ फुटला, भाषणं झाली. त्यात माझ्या मातृप्रेमाचाही उल्लेख झाला. आई ठेवणीतली साडी नेसून आली होती. मी ऐटीत खुर्ची ढकलली. पुढची चाकं उंबऱ्याला टेकली आणि थांबली. मागे घेऊन पुन्हा ढकलली, पुन्हा तेच. लोक मोबाइलवर शूटिंग करत होते.

अध्यक्ष पुढे आले. एका बाजूने ते, दुसऱ्या बाजूने मी, असे खुर्ची उचलायला वाकलो. आईने दोघांचेही हात बाजूला केले.

"उचलून नको. इथून दिसतंय सगळं," ती म्हणाली. मग हळूच, फक्त मला ऐकू जाईल असं, "घरी बसून नकाशे काढायचास, तेव्हा समोर मी याच खुर्चीत असायचे ना रे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?