पाठीची माती

आमच्या ओट्यावर रोज चार वाजता एक कुस्ती सुरू व्हायची. केळीच्या गाड्या भरून गेल्या की माणसं मोकळी होत, पायांवर पाणी घेत आणि आमच्याकडे येऊन बसत. मी आतून चहाचं आधण ठेवायची. कुस्ती जुनीच असायची, एकच, आणि तिच्यात माझे यजमान हरूनही हरलेले नसायचे.

सावद्याला लग्न होऊन आले तेव्हा मला कुस्तीतलं काही कळत नव्हतं. माझं माहेर धुळ्याकडचं. आमची बोली वेगळी, या लोकांची वेगळी. मी सुरुवातीला 'आहे'ला 'शे' म्हटलं की सासरचे हसायचे. नंतर मी म्हणणं सोडलं. नवरा पहिलवान आहे, पंचक्रोशीत नाव आहे, एवढं लग्नाआधी ऐकलं होतं. नाव असलेल्या माणसाशी संसार म्हणजे काय असतो ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. चहा, हे त्याचं थोडक्यात उत्तर.

ओट्यावर पुष्कळ माणसं येत-जात, पण पक्के तिघं. पहिले नाना. यजमानांना लहानपणी बोट धरून आखाड्यात नेलं ते यांनीच. स्वतःला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळी माया या एका पहिलवानावर. दुसरे शेठजी, त्यांचं कोपऱ्यावर किराण्याचं दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि शेठजी आमच्यापेक्षा जास्त इथले झाले. तिसरा एसटीतला कंडक्टर, यावल-सावदा गाडीवरचा. गाडीत जे ऐकायचा ते सगळं ओट्यावर आणून ओतायचा.

तिघं मिळून जुन्या पहिलवानांच्या गोष्टी काढत. धुळ्याचा एक जण बादलीला तोंड लावून दूध प्यायचा. एकाचा कान तालमीत मोडून पार मिटला होता, बायकोनं त्या बाजूनं हाक मारली की ऐकू येत नाही असं सांगायचा. एकाला त्याच्याच वस्तादानं विकलं. आधी ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात, तशी नुरा त्याला लढायला लावली आणि तो पुढे कधी लंगोट बांधायला तयार झाला नाही. कोणत्या यात्रेत कुणी कुणाची जोड कुणाशी लावली, कुणाला मुद्दाम आधी दमवलं, कुठले पंच कुणाचे पाहुणे, हे सगळं तोंडपाठ. ऐकायला मजा यायची, खोटं कशाला बोलू. मी सुद्धा दाराआड उभी राहून ऐकायची. पण गाडी शेवटी आमच्याच स्टेशनावर येऊन थांबायची.

ती कुस्ती झाली पारोळ्याकडच्या एका गावच्या यात्रेत. ऐंशी सालानंतरची गोष्ट, आमची मुलगी तेव्हा रांगत होती. शेवटची, मानाची कुस्ती, जिंकणाऱ्याला चांदीचं कडं. समोर त्याच भागातला एक पहिलवान. यजमान आणि तो धुळ्याच्या एका तालमीत काही महिने एकत्र राहिलेले, एका ताटात जेवलेले. कुस्ती बराच वेळ चालली आणि पंचांनी शिट्टी मारून त्या दुसऱ्याचा हात वर केला. मग आमची माणसं आखाड्यात घुसली.

इथून पुढं तिघांची तीन मतं, आणि तिन्ही रोज क्रमानं सांगितली जात. कंडक्टर म्हणायचा, यात्रा कमिटीचा अध्यक्ष त्या पहिलवानाचा मामेसासरा, निकाल सकाळीच ठरलेला. शेठजी म्हणायचे, "भाऊ, त्याच्या अंगाला तेल होतं. मी तेलाचाच धंदा करतो, मला वासावरून कळतं." शेठजी त्या दिवशी लिंबाच्या झाडावर बसून कुस्ती पाहत होते. इतक्या लांबून कुणाला तेलाचा वास येत असेल तर त्यानं दुकान कशाला चालवावं? पण मी काही बोलायची नाही. शेवटी नाना. नाना हळू आवाजात सांगत, "मी सोता याची पाठ पाह्यली. मातीचा कण नव्हता, बाप्पा. कण नव्हता."

मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की संपलं. हरलेल्याच्या पाठीची माती सगळ्या मैदानाला दिसते, आणि ती घेऊन त्यानं गर्दीतून चालत जायचं असतं. आपल्या पहिलवानावर ती वेळ येऊ नये म्हणून नाना आखाड्यात धावले होते. त्यांनी स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं यजमानांची पाठ पुसली. खसाखसा पुसली, मग इतरांनी पंचे लावले, आणि खांद्यावर घेऊन मिरवत बाहेर आणलं. आपण पुसली म्हणून माती दिसत नाही हे नानांना त्या दिवशी तरी माहीत असणार. पण माणूस एखादी गोष्ट रोज सांगत गेला की ती त्याच्या डोळ्यांनी पाहिलेली होते. वर्षभरात पुसणं गेलं आणि कण नव्हता तेवढं राहिलं.

मला माहीत होतं, कारण दुसऱ्या दिवशी यजमानांना अंघोळ मी घातली. दर शनिवारी त्यांची पाठ डाळीच्या पिठानं चोळून द्यायची हे लग्नापासून माझं काम. पहिलवानाच्या सगळ्या अंगाला माती असतेच, त्यात काही विशेष नाही. पण दोन्ही खांद्यांमागं मातीतले बारीक खडे कातडीत दाबून बसलेले होते, भोवती लाल झालेलं. वरचं सगळं पुसलं गेलं होतं, दाबून बसलेलं कसं पुसलं जाणार? अंगावर तसाच एक गडी चढून बसल्याशिवाय ते तिथं जात नाहीत. मी नखानं एकेक काढला. ते मान खाली घालून बसले होते. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हळद आणि ताक घातलेल्या त्या आखाड्याच्या मातीचा वास न्हाणीत पुढं किती तरी वेळ येत होता.

एकदा मात्र बोलले. मागच्या अंगणात सरकीचं पोतं होतं. काय मनात आलं कुणास ठाऊक, त्याला कवळ घालून मला दाखवू लागले. "अशी ढाक मारली त्यानं. इथून हात अडकवला आन् असा फिरला. मले कळलंच नाही." पोतं धप्पकन पडलं. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला वाटलं, ही कुस्ती यांनीच जिंकली आहे. "काय मारली होती गं!" म्हणाले. तेवढ्यात ओट्यावरून नानांची हाक आली आणि ते हात झटकून बाहेर गेले.

त्यांना त्या पहिलवानाशी पुन्हा लढायचं होतं. दोनदा त्या बाजूनं निरोपही आला. पण नानांनी हात जोडले, शेठजींनी समजावलं. पुन्हा लढलास म्हणजे पहिली कुस्ती मानलीस, असं त्यांचं म्हणणं. चोराशी दुसरा डाव कुणी खेळतं का? मानाची गोष्ट झाली ती. मग हे दुसरीकडंही लढेनात, कारण जिथं जातील तिथं लोक आधी तीच गोष्ट काढायचे. तिशीच्या आत लंगोट खुंटीवर गेला. पुढं केळीचा मळा आणि ओटा. जळगावला जाऊन ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान टाकावं असं माझ्या भावानं सुचवलं, तर गावानं ऐकू दिलं नाही. आमचा पहिलवान दुकानात बसणार? लोक त्यांच्यावर जीव ओवाळून टाकत होते आणि त्यांना दाराबाहेर पाऊल टाकू देत नव्हते. मला त्या प्रेमाचा राग यायचा. आजही येतो.

मी खरं का नाही बोलले असं कुणी म्हणेल. मी तिकडची, त्या पहिलवानाच्याच बाजूची. माझ्या तोंडून तसा एक शब्द निघाला असता तर 'वहिनी माहेरच्या बाजूनं बोलतात' एवढंच झालं असतं.

मुलगी मोठी झाली. शिक्षिका व्हायचं म्हणून धुळ्याला डी.एड.ला माझ्या भावाकडं राहिली. दोन हजार साल जवळ आलेलं. भावानं एक स्थळ आणलं. मुलगा प्राथमिक शाळेवर शिक्षक, जातीतला, निर्व्यसनी, आणि पोरीनं त्याला भावाच्या घरी एक-दोनदा पाहिलेलं. तिला तो आवडला होता, हे ती बोलली नाही, पण सुट्टीत घरी आली तेव्हा चुलीपाशी उगाच गाणं गुणगुणायला लागली. मुलाच्या वडिलांचं नाव कळलं तेव्हा माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. तोच पहिलवान.

यजमान चक्क हसले. "व्याही व्हायचं म्हंजे पुन्हा हात मिळवायचा," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

ओट्यावर कळायला वेळ लागला नाही, कंडक्टर होताच. नाना रडवेले झाले. "ज्यानं तुह्या हक्काचं कडं नेलं, त्याच्या घरात पोर देशीन?" मुलाकडूनही भावाबरोबर निरोप आला. देणंघेणं काही नको, मुलगी पसंत आहे, एकच मागणं आहे. तुमच्या ओट्यावर आम्हाला चोर म्हणतात. तिथं एकदा सगळ्यांसमोर खरं बोललं जावं. मग लग्न.

पोरीचं सगळं आता त्या एका वाक्यावर होतं. यजमान म्हणाले, "त्यात काय. सांगून टाकतो." आणि मला वाटलं, सुटलो आपण. पोरगी तर सुटलीच, हेही सुटले.

पाहुणे आले तेव्हा ओटा भरलेला. तो पहिलवान उंच, आता पोट सुटलेला, एका गुडघ्यात अधू. यजमानांना म्हणाला, "वळखं का?" आणि दोघांनी मिठी मारली. त्या मिठीत बळ किती लावलं ते दोघांनाच माहीत. पोरीनं पोहे आणून दिले. तिनं स्वतः निवडलेली मोरपंखी साडी नेसली होती. ती आत आली आणि माझ्याशेजारी दाराआड उभी राहिली.

यजमान उभे राहिले. त्यांना बोलायची सवय नव्हती, त्यांच्यासाठी नेहमी दुसरेच बोलत आलेले. "नाना," ते म्हणाले, "शेठजी, सगळेच ऐका. त्या दिवशी माही पाठ लागली व्हती. यानं मले साफ पाडलं. तेल नव्हतं, काही नव्हतं. कडं याचंच."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पोरीचा हात धरला.

मग नाना उठले. यजमानांपाशी आले, त्यांचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि वळून सगळ्यांना म्हणाले, "पाह्यलं? पोरीसाठी. पोरीच्या सुखासाठी यानं आपली कुस्ती देऊन टाकली." शेठजींनी डोळे पुसले. कंडक्टर म्हणाला, असा बाप पाहिला नाही. कुणी तरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

"नाना, तसं नाही," यजमान म्हणत होते. "खरंच लागली व्हती." ते जितकं म्हणत तितके लोक हळहळत. मी दार ढकलून बाहेर आले आणि म्हणाले, "खडे मी काढले त्यांच्या पाठीतून, माझ्या हातानं." नानांनी माझ्याकडं इतक्या मायेनं पाहिलं. "तू पण माय आहेस ना," म्हणाले.

त्या पहिलवानानं पोह्यांची बशी खाली ठेवली. हळूच विचारलं, "आते बी नही का?" आताही नाही का. त्याला उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. मी तिकडची, म्हणून तिकडच्याच बोलीत बोलला. "अक्का, तुमनी पोर सोनं शे. पण मी व्याही म्हनीसन आठे येसू, तव्हय बी ह्या लोक माले चोरच म्हनतीन. मना पोऱ्याले बी म्हनतीन." व्याही होऊन इथं आला तरी त्याला आणि त्याच्या पोरालाही हे लोक चोरच म्हणणार, हे खरंच होतं; मला त्याचा राग करता आला नाही. त्याच्या मुलानं एकदा आतल्या दाराकडं पाहिलं आणि बापामागं जीपमध्ये जाऊन बसला.

लग्न मोडलं. पोरीनं साडी घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवली आणि संध्याकाळच्या भाकरी थापल्या.

दोन दिवस ओट्यावर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी चार वाजता तिघंही आले आणि कुस्ती सुरू झाली. आता तिला एक नवा शेवट होता. एवढी मोठी कुस्ती पोरीपायी दान दिली, तरी त्या लोकांनी पोर नाकारली. चोर ते चोरच. कंडक्टरचा मामेसासरा झाला, शेठजींचं तेल झालं, मग नाना म्हणाले, "मी सोता पाह्यली पाठ. कण नव्हता मातीचा." आणि यजमानांकडं वळून, पहिल्यांदाच, विचारलं, "व्हता का रे?"

पोरगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर गेली होती. त्यांनी तिच्याकडं न बघता कप उचलला.

"नव्हता," ते म्हणाले.

लग्न मोडण्यापेक्षा त्या एका शब्दाचं दुःख मला जास्त झालं. त्या शनिवारी मी नेहमीप्रमाणे डाळीचं पीठ कालवून न्हाणीपाशी गेले. त्यांनी आतून कडी लावली होती. "आज राहू दे," म्हणाले, "माही पाठ मी चोळतो."