गोजरबाईंचं काजळ

गहिनीनाथ औटी पारनेरचा. इंजिनियर झाला तरी डबा भाकरीचाच आणायचा, आणि मी साधा फिटर, तरी माझ्या डब्यातलं निम्मं कालवण हक्कानं संपवायचा. केडगावला आमच्या कारखान्यात हवा दाबणारा कॉम्प्रेसर बनत होता. त्याचं चाक मधून हवा ओढतं आणि गरगरा फिरून कडेला फेकतं. ती हवा आतून कशी जाते, हे गहिनीनाथनं कित्येक महिने खपून कागदावर मांडलं होतं. आम्ही आत बारीक नळ्या घालून दाब मोजला, तर आकडे कागदाशी जुळले. आता पुण्याचे साहेब बघायला येणार होते. त्यांना पसंत पडलं की नवा विभाग गहिनीनाथच्या हाताखाली जाणार होता.

"साहेबांना वारा डोळ्यांनी दाखवू," तो म्हणाला. त्याच्या आईनं, गोजरबाईंनी, नातवासाठी धरलेलं काजळ डबीसकट दिलं. "माज्या लेकाच्या यंत्राला दृष्ट नको लागाया," असं मला वर बजावलं. ते तेलात कालवून आम्ही चाकाबाहेरच्या भिंतींना ठिपके लावले. हवा जाईल तिकडं ठिपका ओघळणार, एवढं साधं काम.

यंत्र चालवलं, बंद केलं, झाकण काढलं आणि मी जागीच गार पडलो. झाकणाच्या बाजूचे सगळे ओघळ उलटे, बाहेर जायचं सोडून चाकाकडं परत आलेले. नळ्यांनी मधली हवा मोजली होती. भिंतीजवळची हवा मागं फिरते, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गहिनीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. खाली बसला तो उठेचना.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. मला असा संताप आला, पण काढायचा कुणावर? मी फडकं उचललं. "औटीसाहेब, पुसतो मी. कुनाला कळतंय?"

त्यानं माझं मनगट धरलं. "सहादू, उद्या भार वाढला की हीच हवा चाकावर उलटंल. चाक फुटलं तर शेजारी कोण उभं असतं?"

मीच उभा असतो. मी फडकं खाली ठेवलं.

त्यानं स्वतः साहेबांना ते झाकण दाखवलं. नवा विभाग दुसऱ्याकडं गेला.

संध्याकाळी मी त्याच्याबरोबर घरी गेलो. गोजरबाई दारातच होत्या. "आलं का रं काजळ कामाला?"

"लई आलं, आई," तो म्हणाला. "या सहादूची दृष्ट निघाली."

म्हातारी हसली. मी वाकून तिच्या पाया पडलो.