एका रक्ताच्या गोळ्या

शहरात पडेगावला आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. त्या दिवशी गावाकडून, पिशोरहून आलेला माझा मोठा भाऊ अर्ध्या जिन्यातच कठडा धरून खाली बसला.

"मांड्यांत दगड भरल्यावाणी झालंय. वैरण टाकाया वाकलो की उठता येईना," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं कधी कधी स्नायू दुखतात, असं डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, आणि ती गोळी त्याला मीच देत होतो.

वडील हृदयविकारानं गेले. गावातल्या तपासणी शिबिरात दादाचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, पण डॉक्टरकडे नियमित जात होतो तो मी एकटाच. "एका आईची लेकरं, एकच रक्त. तुझीच गोळी दे की," तो म्हणाला. आमच्याकडं चष्मासुद्धा असाच एकमेकांचा लावून बघतात. मला ती माया वाटली. खरं म्हणजे रजा टाकून त्याला दवाखान्यात न्यायचा मला कंटाळा होता. गुलमंडीच्या बाजारातून माझ्यासाठी गोळ्या घेताना त्याच्याही घ्यायच्या आणि गावाकडं जाणाऱ्याच्या हाती द्यायच्या, एवढंच मी करत आलो.

त्याच दिवशी मी त्याला माझ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी लघवीचा रंग विचारला.

"कोऱ्या चहावाणी. मला वाटलं उन्हानं," दादा म्हणाला.

"आणखी कुठली गोळी चालू आहे?"

दादानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "जांघेत गजकर्ण झालंय. मेडिकलवाल्यानं गोळ्या दिल्या."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, त्या गोळ्यांमुळं कोलेस्टेरॉलची गोळी अंगात साठत गेली, स्नायू झिजले आणि त्याचा भार आता मूत्रपिंडावर येतोय. दोन्ही गोळ्या बंद करून त्यांनी दादाला भरती करून घेतलं. मग माझ्याकडं वळले. "तुम्ही घाबरून तुमची बंद करू नका. गोळी वाईट नाही. दुखलं तर विचारायला या."

सलाईन चालू होतं. लघवीची बाटली मीच उचलायचो आणि उजेडात धरून रंग बघायचो. लघवी निवळली, तेव्हा कुठं मी पाठ टेकली.

"आता तुझी गोळी तुलाच लखलाभ. मला कुठलीच नको," दादा म्हणाला.

वडिलांच्या मरणाची आठवण करून द्यायला मला तोंड राहिलं नव्हतं. पण तो कुठलंच औषध घेणार नाही, ही भीती घरी आल्यावरही गेली नाही.

पुढच्या तपासणीसाठी तो आमच्या घरी आला तो प्रत्येक मजल्यावर थांबत, पण स्वतःच्या पायांनी चढून. रक्ताचे रिपोर्ट सुधारले होते. आता कमी ताकदीची दुसरी गोळी सुरू करायची का, हे डॉक्टर ठरवणार होते.

"घेणार का रे दादा?" मी भीत भीत विचारलं.

"डाक्टर माझ्या नावानं देत आसंल तर घेतो. तू संगं चल. पण बाहीर बस."

"का?"

"तू असला की मला सगळं सांगता येत नाय, गड्या."

रजा टाकलीच होती. दवाखान्यात दादा आत गेला, दार लोटलं गेलं आणि मी बाहेरच्या बाकावर त्याच्या चपला सांभाळत बसलो.