उलटेरावांचा गाळा

जगातली माणसं पुढं बघून चालतात. नदीकाठच्या गल्लीतला दोरवाला मात्र जन्मभर मागं मागं चालत आला, म्हणून त्याचं नाव पडलं उलटेराव. ठेवलं शेजारच्या कुलुपवाल्यानं. कुलुपवाल्याच्या जिभेला हाड नव्हतं आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मग बसल्या बसल्या नावं ठेवण्याशिवाय त्यानं करावं तरी काय?

दोर वळायचं काम असं. कमरेला तागाचा पेंढा गुंडाळायचा, त्यातलं एक टोक चाकाच्या आकड्याला अडकवायचं. बायको चाक फिरवणार आणि आपण चिमटीतून ताग सोडत, पीळ सांभाळत, एकेक पाऊल मागं टाकत जायचं. नजर हातावर. मागं खड्डा आहे, कुत्रं झोपलंय का कुणी भांडी घासत बसलंय, ते पाठीला कळायला पाहिजे. नदीला समांतर गेलेली ती लांबलचक सरळ गल्ली मुळात दोरवाल्यांसाठीच सोडलेली होती. एके काळी तिथं चाकांचा घरघराट असायचा. होता होता बाकीची घरं आटपली आणि हे एकच राहिलं.

मग नायलॉन आला. उलटेरावांनी काही ऊर बडवून घेतला नाही. उलट चाकावर ताडपत्री टाकली, ठोक बाजारातून रंगीत नायलॉनची रिळं आणली आणि हात धुऊन मोकळे झाले. गुडघ्यांनी मनातल्या मनात नायलॉन काढणाऱ्याचे पाय धरले. तरी पोटऱ्या रात्री वळायच्याच. भिंतींना बारमाही ओल, अंथरूण कायम दमट. बायको म्हणायची, "आपण घरात राहतो का माठात, तेच कळत नाही."

तेवढ्यात बातमी आली, की बाजारपेठ आणि नदीकाठ नव्यानं उभा करणार. गल्ली मोकळी करून तिथं फिरायला रस्ता, बाकं, दिवे, झाडं. आणि गल्लीतल्या सगळ्या दुकानदारांना वरच्या हमरस्त्यावर नव्या इमारतीत गाळे, गाळ्यावर राहायच्या खोल्या.

गल्लीत रडारड सुरू झाली. कल्हईवाला म्हणाला, माझ्या आजाची भट्टी इथं आहे. कुलुपवाला म्हणाला, मला इथनं उचलायचं तर चौघांनी उचला, त्याशिवाय मी हलत नाही. उलटेरावही मान हलवत, सुस्कारे टाकत त्यांच्यात बसायचे, पण घरी आले की त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांना हवा होता कोपऱ्याचा गाळा. दोन्ही बाजूंनी उघडा. त्यात एक हाताची खुर्ची टाकायची आणि रस्त्याकडं तोंड करून बसायचं. गिऱ्हाईक लांबून येताना दिसलं पाहिजे. "आयुष्यात एकदा तरी," ते बायकोला म्हणाले, "समोरनं काय येतंय ते बघावं म्हणतो."

"मी आले तेव्हा बघितलं नव्हतं वाटतं?"

"तेव्हाही मी उलटाच चाललो होतो. तू मागनं येऊन धडकलीस."

ती हसली. वरच्या खोल्यांना कोरड्या भिंती असणार होत्या, तेवढ्यावर ती काहीही ऐकून घ्यायला तयार होती.

पण कोपरा एकच आणि डोळे अनेकांचे. त्यात कुलुपवाल्यानं पुडी सोडली. म्हणे पाहणीला योजनेच्या बाई येणार, ज्याचा धंदा चालू दिसेल त्याला दर्शनी गाळा आणि ज्याचा बसलेला दिसेल त्याला मागची रांग, संडासाला लागून.

उलटेरावांनी दुकानावरून नजर फिरवली. आपल्या दुकानात बघायला आहे काय? चार रिळं आणि एक कात्री. त्यांनी ताडपत्री ओढली. चाकाला तेल दिलं. कुठून कुठून चौकशा करून तागाचे दोन पेंढे पैदा केले.

बायको दारात उभी राहून बघत होती. "हे काय नवीन खूळ?"

"धंदा चालू दिसला पाहिजे."

"दिसू दे ना. नायलॉन कापून दाखवा. हे कशाला उकरून काढताय?"

"नायलॉन काय, कुणीही कापेल."

"अहो, लग्नात नवऱ्यामुलानं नटावं, वाढप्यानं नाही. जास्त शहाणपणा अंगाशी येतो."

पण ऐकतील तर ते उलटेराव कसले! बाई आल्या, गळ्यात फीत, हातात नकाशाची गुंडाळी. कुलुपवाल्याकडं दोन मिनिटं, कल्हईवाल्याकडं दोन मिनिटं. आणि उलटेरावांच्या दारात आल्या तर चाक फिरतंय, आणि एक म्हातारा माणूस कमरेला सोनेरी ताग गुंडाळून, नजर चिमटीत ठेवून, नदीच्या कडेनं मागं मागं चाललाय, आणि त्याच्या हातातून सूत निघतंय तर निघतंयच. इतक्या वर्षांनी पाय काही विसरले नव्हते. उलटेरावांनाच नवल वाटलं. त्यांना जोर चढला. सुतं एकत्र पिळून दोर झाला तसा त्यांनी बाईंच्या हातात टोक दिलं, म्हणाले, "ओढा. हत्ती बांधा, तुटायचा नाही."

बाईंनी ओढला. तुटला नाही. त्यांचे डोळे भरून आले. "तुम्ही हे रोज करता?"

"रोज म्हणजे काय," उलटेराव म्हणाले, "त्याशिवाय घास उतरत नाही."

बायकोनं चाकापाशी बसून कपाळावर हात मारला.

महिन्याभरानं सगळ्यांना सभागृहात बोलावलं. भिंतीवर भलंमोठं रंगीत चित्र. नदी निळीशार, जी कधीच तशी नव्हती. काठाला फरसबंदी, झाडं, बाकांवर हसरी माणसं. बाई काठीनं दाखवत होत्या, इथं गल्ली होती, इथं आता रस्ता, सगळी दुकानं वर हलतील. उलटेराव चित्रात हमरस्त्याचा कोपरा शोधत होते. त्यांच्या आधी बायकोनंच ते पाहिलं आणि त्यांच्या दंडाला चिमटा काढला. फरसबंदीच्या मधोमध एक माणूस काढला होता. पाठमोरा. कमरेला पेंढा. उलटेरावांनी स्वतःला पोटऱ्यांवरून ओळखलं.

"आणि हा आपल्या योजनेचा आत्मा," बाई म्हणाल्या. "सगळं हलेल, पण दोरवाले काका इथून हलणार नाहीत. त्यांचं घर, चाक, सगळं आहे तसं जपायचं."

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं कुलुपवाल्यानं वाजवल्या, कारण कोपऱ्याचा एक उमेदवार परस्पर गळला होता.

दुसऱ्याच दिवशी उलटेराव बाईंच्या कचेरीत गेले. बायकोनं ढकललंच त्यांना. "जा, आणि सगळं खरं सांगा. आपण खणलेला खड्डा आपणच बुजवावा."

त्यांनी सांगितलं. टोपी हातात घेऊन, खाली मान घालून सांगितलं. "बाई, मी तुम्हाला फसवलं. मी कैक वर्षांत दोर वळला नाही. मी नायलॉन विकतो. त्या दिवशी नुसतं नाटक केलं, कोपरा मिळावा म्हणून."

बाई त्यांच्याकडं मायेनं बघत राहिल्या. "किती निगर्वी माणसं असता तुम्ही," त्या म्हणाल्या. "काका, ते पाय खोटं बोलत नव्हते."

"पाय खरे असतील हो, पण मी खोटं बोललो ना."

मग बाईंनी दार लोटलं आणि हळू आवाजात खरी गोष्ट सांगितली. योजनेला बाहेरून पैसा आलाय, तो जुना हुन्नर जपायच्या नावावर आलाय. जुना हुन्नर म्हणजे उलटेराव. ते नाहीत तर पैसा नाही. पैसा नाही तर वरची इमारत नाही आणि गाळेही नाहीत. "विचार करा काका. गल्लीतली इतकी घरं."

विचार करायला त्यांना वेळही मिळाला नाही. घरी पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. दारात अख्खी गल्ली. जी माणसं काही महिन्यांपूर्वी आजाच्या भट्टीला मिठी मारून रडत होती, तीच आता वरच्या गाळ्याला कोणत्या रंगाचं शटर लावायचं ते ठरवून बसली होती.

"आमच्या पोरांच्या तोंडाकडं बघा," कल्हईवाला म्हणाला.

"तुझा पोरगा परगावी नोकरीला आहे ना?" बायकोनं विचारलं.

"त्याच्या पोरांच्या तोंडाकडं बघा मग."

कुलुपवाला पहिल्यांदाच गंभीर होता. त्यानं उलटेरावांचे दोन्ही हात धरले. "हे बघ, आजवर मी तुला काय काय बोललो असेन. पण आता तुझ्या हातात आहे सगळं. तू मागं सरकू नकोस."

"मागं सरकायचंच तर काम दिलंय मला," उलटेराव म्हणाले. कुणी हसलं नाही. ते उंबऱ्यावर बसले, आणि बसले याचाच अर्थ सगळ्यांनी होकार असा घेतला. माणसं त्यांच्या खांद्यावर थापट्या मारून घरोघर गेली.

गल्ली रिकामी झाली. एकेक भिंत पडली. सहा महिने धूळ खाल्ली. मग गुळगुळीत फरशी आली, दिव्यांचे खांब आले, नदीच्या बाजूनं कठडा आला. गल्लीच्या टोकाला पूर्वी मोकळी उतरण होती, तिथंही आडवा कठडा आला. आणि या सगळ्याच्या मध्ये एकच जुनं घर उभं राहिलं, तोंडात उरलेल्या एकुलत्या दातासारखं. भिंतींची ओल मात्र कुणी हलवली नाही. बाई म्हणाल्या, गिलावा केला की जुनेपण जातं.

नायलॉन विकायची बंदी झाली. दुकानात लाल-पिवळी रिळं शोभत नाहीत. योजनेकडून पगार ठरला, तो महिन्याच्या महिन्याला येई, त्यात खोट नव्हती. दोघांना मातकट रंगाचे कपडे मिळाले. सकाळी एक खेळ, संध्याकाळी एक. लोक बाकांवर बसत, बायको चाक फिरवी, उलटेराव मागं मागं जात आणि टोकाच्या कठड्याला पाठ टेकली की टाळ्या पडत. झालेला दोर विकायचा नाही, दुकानात रचून ठेवायचा. वेटोळ्यांची थप्पी आधी खिडकीपर्यंत आली, मग खिडकी बुजली. रात्री कूस बदलली की ताग टोचायचा.

एकदा सुट्टीच्या दिवशी ते वर बाजारात गेले. कोपऱ्याच्या गाळ्यात कुलुपवाला बसला होता. दोन्हीकडं उघडा, पंखा चालू.

"या उलटेराव! बसा, चहा सांगतो. धंदा कसा?"

"तुझा कसा?"

"बरा आहे. उन्हाचा जरा त्रास होतो हो इथं," कुलुपवाला म्हणाला. त्याचा चेहरा इतका सुखी होता, की उलटेरावांना चहा गिळवेना.

घरी येताना त्यांनी ठरवलं. गल्लीला होकार गेलाय, आपण होऊन सुटता येत नाही, मग हाकलून तर देतील? आता गाळे बांधून झालेत, वाटून झालेत. कुणाच्या तोंडचा घास जात नाही. उलटेराव नालायक ठरले की बास. मग लेकीच्या गावी जायचं. ती केव्हाची बोलावतेय, तिच्याकडं एक खोली आहे, कोरडी.

"काय करणार?" बायकोनं विचारलं.

"सूत तोडणार. सगळ्यांसमोर."

दोरवाल्याच्या हातून भर गल्लीत सूत तुटणं म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. सासरा जिवंत असता तर त्यानं जेवायला वाढू दिलं नसतं. "जमेल का?" एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी बाकं भरली होती. बाईही होत्या, दोन पाहुण्यांना घेऊन. उलटेराव निघाले. अर्ध्या वाटेवर त्यांनी चिमटीतला ताग मुद्दाम पातळ सोडला. सूत बारीक झालं, थरथरलं आणि तुटलं. एक टोक सापासारखं उसळून चाकाकडं गेलं. बाकांवरून "अरेरे!" असा एकच आवाज उठला. उलटेराव रिकाम्या हातानं मध्येच उभे राहिले. कानशिलं तापली होती. खोटं तोडलं तरी लाज खरीच वाटत होती.

मग एका बाकावरून टाळी आली. मग दुसऱ्या. "होतं काका!" कुणी ओरडलं. "परत घ्या!" सगळी माणसं उभी राहून टाळ्या वाजवू लागली, आजवर कधी वाजल्या नव्हत्या इतक्या. त्या आवाजात काय करावं ते न कळून उलटेरावांनी वाकून तुटकं टोक उचललं आणि सांधलं.

बाई धावतच आल्या. "काका, काय सुंदर! मुद्दाम केलंत ना?"

"हो," उलटेराव आशेनं म्हणाले. "मुद्दामच केलं. मला काढून टाका."

बाई खळखळून हसल्या. "काढून? अहो, पाहुण्यांना हाच भाग सगळ्यात आवडला. लोकांना आता कळलं हे किती अवघड आहे ते. हे ठेवू या आपण. दोन्ही खेळांना, तिथंच, मधल्या दिव्यापाशी. तुटायचं आणि तुम्ही सांधायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन फरशीवर आलं होतं. बायकोनं चाकाला हात घातला. उलटेराव पेंढा बांधून निघाले. मधला दिवा पाठीला कळला तसे ते थांबले. त्यांनी ताग पातळ सोडला, पण रात्रभर लाजेनं जागलेली बोटं आपसूक पीळ घट्ट धरत गेली. त्यांनी हिसडा दिला. सूत ताणलं. दुसरा दिला.

"तोडा ना," चाकापासून बायको दबक्या आवाजात म्हणाली. "लोक थांबलेत."

"तुटत नाही गं," उलटेराव म्हणाले, आणि पाय रोवून दोन्ही हातांनी ओढत राहिले.